खुलासा

महोदय,
आपला मेमो मिळाला.
एक एप्रिलला, कार्यालयीन वेळ संपल्यावर,
चीता कॅम्पच्या दवाखान्याचं शटर
कोणाच्या आदेशाने वर गेलं, असं आपण विचारलंत.
आदेश कोणाचाच नव्हता.
किल्ली सिस्टर मिस्किटांच्या पर्समध्ये होती,
शटर मी उचललं. तेव्हापासून कंबर धरली आहे,
तेही नोंदवून घ्यावं.

पण सुरुवात तिथून होत नाही.
ती होते एका हॉटेलच्या गारेगार हॉलमध्ये,
जिथे मला, साध्या मिश्रकाला, बोलावलं होतं
कारण यादीत ‘तळातला कर्मचारी’ हा रकाना रिकामा होता.
भिंतीवर बाण होते, बाणांना चौकटी होत्या.
दूरच्या देशातून आलेल्या एक बाई नम्रपणे म्हणाल्या,
सुधारणा कशाने ठरते, ते आम्हाला समजून घ्यायचंय.
दुभाष्याने माझ्याकडे पाहिलं.
मी म्हणालो, ट्यूबलाइटने.
सगळे हसले. वहीत कोणी लिहिलं नाही.

महोदय, मी विनोद करत नव्हतो.
दवाखान्याची वेळ नऊ ते चार.
आमच्या गल्लीत नऊ ते चार आजारी पडणं
फक्त म्हाताऱ्यांना परवडतं.
अंजलाई अम्मा चार घरची भांडी उरकून येते साडेपाचला,
तोवर आमचं कुलूप थंड झालेलं
आणि समोरच्या डॉक्टरचा बोर्ड पेटलेला.
तो माणूस वाईट नाही. दीडशे घेतो, सुई मारतो, उधार ठेवतो.
तिचा खोकला आठ महिने
त्याच्या वहीत उधार होता.

संध्याकाळची ओपीडी आली ती अहवालामुळे नाही.
कर्जाचा हप्ता मार्चपूर्वी खर्ची पडायला हवा होता,
निवडणूक तोंडावर होती, म्हणून फीत आधी कापली
आणि दार नंतर उघडलं.
युनियनने दोन बैठका अडवल्या. त्यांचंही चुकलं नव्हतं.
रात्री नऊला सिस्टरांनी ट्रॉम्बेहून वसईला कसं जायचं,
तो बाण भिंतीवर नव्हता.
मग सगळं अडलं कॉरिडॉरमध्ये.
डॉ. काझी म्हणाल्या, अंधारात पेशंट तपासणार नाही.
भिंत इमारत खात्याची, वायर विद्युत खात्याची,
ट्यूब भांडाराची,
अंधार तेवढा आरोग्य खात्याचा.
सात महिने.
शेवटी हर्षल इंगोले, लॅबमधला कंत्राटी पोरगा,
अकरा महिन्यांवर एक दिवसाचा खंड दाखवून पुन्हा घेतलेला,
त्याने एका रविवारी स्वतःच्या पैशाने ती लावली.
तिची पावती नाही. म्हणून ती अहवालातही नाही.

अम्मा पहिल्याच आठवड्यात आली.
तपासणीची कार्ट्रिज संपली होती. मग आली. मग कळलं.
सहा महिने गोळ्या मी माझ्या हाताने दिल्या.
दर वेळी जाताना विचारायची,
उद्या लाइट आहे ना?

अठरा महिन्यांनी, एकतीस मार्चला, प्रकल्प संपला.
‘यशस्वीरीत्या’, असं पत्रात होतं.
हर्षलचा करारही त्याच पत्राने संपला.
बॅनर उतरवला, तो आता मागच्या कुणाच्या तरी छपरावर आहे,
अक्षरं आतल्या बाजूला,
झोपणाऱ्यांना उताणं पडून वाचता येतील अशी.

एक एप्रिलला सहा वाजता पायरीवर अकरा माणसं होती.
त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.
सांगायचं कोणी, तो रकानाही रिकामाच.
अम्मा नव्हती, ती बरी आहे. सुनेला पाठवलं होतं.
सिस्टर म्हणाल्या, अर्धा तास फक्त.
साडेआठ वाजले.

औषधं दिवसाच्या साठ्यातून दिली, नोंद सोबत जोडली आहे.
वीज जास्त जळाली असेल, ती माझ्या पगारातून कापावी.
‘यापुढे असे घडणार नाही’
असं शेवटी लिहायचं असतं, हे मला माहीत आहे.
कागद त्या ओळीपाशी तीन दिवस थांबलाय,
आणि आता पुन्हा
सहा वाजत आलेत.

आपला,
भालचंद्र ठोंबरे, मिश्रक